आपला हात, दुसऱ्याचा जीव

गेल्या वर्षी पावसाळा तोंडावर आला असतानाची गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपली होती, मंडळी पांगली होती आणि आम्ही चर्चची दारे लावून घेत होतो. एक तरुण धर्मग्रामस्थ मात्र चिंचेच्या झाडाखाली रेंगाळत उभा होता. तरुण माणूस असा मागे राहिला की त्याचे काही घरगुती दुखणे असणार, हा आमचा आजवरचा अनुभव. लग्न, नोकरी, भावाभावांतील वाटणी, यांपैकी काहीतरी ऐकण्याच्या तयारीने आम्ही त्याच्याजवळ गेलो. तो म्हणाला, "फादर, बाबांची राजदूत मीच उघडायला घेतली तर चालेल का?"

आम्हांला हसू आले. मोटरसायकल उघडावी की न उघडावी, हा काही धर्मगुरूला विचारण्याचा प्रश्न नव्हे, असेच प्रथम वाटले. "अरे, मिस्त्रीला विचार," असे सांगून आम्ही त्याची बोळवण केली. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न पुन्हा उभा राहिला व आमची झोप उडवून गेला. त्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

आधी त्या गाडीविषयी सांगितले पाहिजे. त्या तरुणाचे वडील चंद्रपूरच्या परिसरातील एका कोळसा खाणीत नोकरीला होते. १९८० नंतरच्या दशकात, पगाराला दोन पैसे शिल्लक पडू लागले तेव्हा, त्यांनी हौसेने राजदूत ३५० घेतली. एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहा कंपनीच्या सहकार्याने ही गाडी १९८३ पासून काही वर्षे भारतात तयार केली. ३४७ सीसीचे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर! ज्या काळात आपल्याकडची बहुतेक मंडळी सायकलवर वा स्कूटरवर समाधानी होती, त्या काळात ही शर्यतीच्या घोड्यासारखी गाडी कोळशाच्या धुळीतून सुसाट जाई. तिचा आवाज चार गल्ल्यांपलीकडून ओळखू येई. पेट्रोल ती घटाघटा पिई, म्हणून सर्वसामान्य गिऱ्हाईक तिच्यापासून दूरच राहिले. तिच्यात आणखीही एक उणीव होती. मूळ जपानी गाडीला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. भारतात बनलेल्या गाडीला त्याऐवजी ड्रम ब्रेक बसवला गेला. परिणामी ही गाडी धावण्यात जितकी तत्पर होती तितकी थांबण्यात नव्हती. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

वडील वारले. गाडी चार वर्षे ताडपत्रीखाली उभी राहिली. मिस्त्रीने दुरुस्तीचा अंदाज सत्तर-ऐंशी हजारांचा सांगितला. मुलगा कंत्राटी नोकरीवर. साठलेली रक्कम जवळपास तेवढीच, आणि ती लेकीच्या शाळेसाठी बाजूला काढलेली. अशा गाड्यांना आज पुण्या-मुंबईचे हौशी लोक चांगली किंमत देतात, तेव्हा विकण्याचा मार्गही मोकळा होता. परंतु विकणे त्याच्या जिवावर येत होते. उरला तिसरा मार्ग : पाने विकत आणावेत, जाणत्यांनी काढलेल्या चित्रफिती पाहाव्यात, आणि आपल्याच हातांनी गाडी दुरुस्त करावी. एकदा ती सुरू झाली की लेकीला शाळेत सोडायची आणि आईला मूलजवळच्या गावी न्यायचे, एवढाच त्याचा मनसुबा होता.

त्याच्या बाजूने जे म्हणता येईल ते आम्ही प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते थोडेथोडके नाही. पहिले कारण पैशाचे. गरिबाच्या घरी काटकसर हा सद्गुण असतो, आणि जे आपल्याला करता येते त्यासाठी लेकीच्या शाळेचे पैसे मोडू नयेत, हे म्हणणे रास्तच आहे. दुसरे कारण आठवणीचे. बापाच्या हाताचा घाम ज्या मुठीला लागला ती मूठ मुलाने स्वतः पुसावी, यात एक प्रकारचे श्राद्धकर्मच आहे. ते मजुरी देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. तिसरे कारण हाताच्या प्रतिष्ठेचे. आपल्या समाजात लिहिणारा हात वरचा आणि पाना धरणारा हात खालचा, असा एक दुष्ट समज मुरलेला आहे. नाझरेथच्या सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूचे अनुयायी म्हणवणाऱ्या आपल्या घरांतूनही तो गेलेला नाही. शिकलेल्या मुलाने बाह्या सरसावून काळ्या तेलात हात घालावेत, याचा आनंदच वाटला पाहिजे. 'आपला हात जगन्नाथ' ही म्हण काही उगाच रूढ झालेली नाही.

शिवाय आज जगभर 'दुरुस्तीचा हक्क' हा शब्दप्रयोग ऐकू येतो. कंपन्यांनी सुटे भाग व माहितीपुस्तिका अडवून ठेवू नयेत, ग्राहकाला आपली वस्तू दुरुस्त करता यावी, अशी ही मागणी आहे. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी एक स्वतंत्र संकेतस्थळही सुरू केले. मागणी न्याय्य आहे. परंतु हक्क आपण कंपनीपुढे मांडतो. ज्याला आपण त्या वस्तूवर बसवणार, त्याच्यापुढे हक्काची भाषा चालत नाही. तेथे कर्तव्याची भाषा बोलावी लागते.

ही दुसरी भाषा आम्ही फार महाग किंमत देऊन शिकलो. किंमत मात्र आम्ही दिली नाही, दुसऱ्याने दिली. आमची झोप उडाली ती याच आठवणीने.

गुरुदीक्षा होऊन थोडीच वर्षे झाली होती. गडचिरोली जिल्ह्यातील जंगलभागात एका लहान केंद्रावर आमची नेमणूक होती. केंद्राकडे एक जुनी जीप होती. गावोगावच्या रुग्णांची वाहतूकही तीच करी. तिचा ब्रेक सैल लागू लागला. जवळचा मिस्त्री चाळीस-पन्नास किलोमीटरवर, आणि आमच्या अंगात तरुणपणाची रग. सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो होतो, तेव्हा चार रबरी वॉशर बदलणे ते काय, असे वाटले. पुस्तक उघडून वॉशर बदलले, हवा काढली, आणि ब्रेक ऑइल कमी पडले म्हणून शेजारच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे तेल त्यात ओतले. तेल ते तेल, ही आमची समजूत! पेडल टणक लागले. आम्ही स्वतःवर खूश झालो.

ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांच्या अंगावर एव्हाना काटा आला असेल. ब्रेकचे तेल वेगळ्या जातीचे असते. खनिज तेलाने त्यातील रबर हळूहळू फुगते व निकामी होते. ते एका दिवसात होत नाही. आठ-दहा दिवस जीप उत्तम थांबत राहिली आणि आमचा अभिमान वाढवत राहिली. मग रोवणीच्या दिवसांत एका रात्री बाळंतवेणा सुरू झालेल्या एका बाईला घेऊन निघालो. सोबत तिची सासू व वृद्ध सासरे. रपट्याच्या अलीकडच्या उतारावर आम्ही पेडल दाबले आणि ते काही न धरता खाली गेले. त्या जुन्या जीपला चारही चाकांसाठी एकच मास्टर सिलिंडर होता; तो गेला की सगळेच गेले. रपट्यावरून पाणी वाहत होते. आम्ही जीप बाजूच्या धानाच्या बांधीत घातली. चिखलाने ती धरून ठेवली म्हणून जीव वाचले.

बाईला पुढे दुसऱ्या वाहनाने नेले. देवदयेने ती व बाळ दोघेही सुखरूप राहिली. सासऱ्यांचे मनगट मोडले. ऐन रोवणीत त्या घरातील एक कर्ता हात गळ्यात बांधला गेला. आम्ही क्षमा मागायला गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "फादर, तुम्ही जाणून तर नाही केलं." ते मनगट पुढे वाकडेच जुळले. ते समाजाला भेटले की डाव्या हाताने नमस्कार करीत.

'जाणून नाही केले' या शब्दांनी आमचे समाधान व्हायला हवे होते. ते झाले नाही. का झाले नाही, ते सेमिनरीतील एका जुन्या पाठाने उलगडले. संत थॉमस अक्वायनस यांनी अॅरिस्टॉटलच्या मागोव्याने कौशल्य आणि विवेक यांत भेद केला आहे. वस्तू कशी घडवावी याविषयीची नेमकी बुद्धी म्हणजे कौशल्य. आपण कसे वागावे याविषयीची नेमकी बुद्धी म्हणजे विवेक. या भेदाची एक चमत्कारिक खूण ते सांगतात. कारागिराने जाणूनबुजून चूक केली तर कारागीर म्हणून त्याला कमीपणा येत नाही. नकळत केली तर येतो. वागणुकीत नेमके याच्या उलट : तेथे जाणूनबुजून केलेली चूक अधिक दोषास्पद. त्या वृद्ध गृहस्थांनी माणूस म्हणून आम्हांला सोडून दिले होते, परंतु त्याच वाक्याने ब्रेक दुरुस्त करणाऱ्या आमच्या हातांवर नापासाचा शिक्का बसला होता. आणि खोलात जाऊन पाहिले तर माणूस म्हणूनही आम्ही पुरते सुटत नव्हतो. तेल कोणते, हे आम्हांला ठाऊक नव्हते, हे अज्ञान. पण आपल्याला ठाऊक नाही, हे तपासून न पाहताच आम्ही चार जीव त्या जीपमध्ये बसवले. तो अविवेक होता, आणि तो अजाणता घडला असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही. 'हात दाखवून अवलक्षण' असे म्हणतात, परंतु येथे हात आमचा दाखवला गेला आणि अवलक्षण दुसऱ्याच्या मनगटावर उमटले.

मग निष्कर्ष सोपा वाटेल : ज्याचे काम त्यानेच करावे, आपण पाना हाती घेऊ नये. आम्हीही काही वर्षे तसेच मानीत होतो. परंतु तो निष्कर्ष दोन ठिकाणी लंगडा पडतो.

एक तर, मजुरी घेणारा हात म्हणजे निर्दोष हात नव्हे. रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. त्यात ते आपल्याच गाडीची कथा सांगतात. इंजिन आवळून जाम झाले म्हणून त्यांनी गाडी गॅरेजात दिली. तेथील पोरांनी रेडिओच्या तालावर हातोडी चालवून ती अधिकच बिघडवली. खरा दोष पुढे उघडकीस आला : तेल पोहोचवणाऱ्या यंत्रणेतील अवघ्या पंचवीस सेंटची एक पिन तुटली होती. त्या पोरांना काम येत नव्हते असे नाही. त्या कामात त्यांचे मन नव्हते. त्याच पुस्तकात लेखकाचा एक मित्र आहे. त्याच्याकडे महागडी बीएमडब्ल्यू आहे, आणि तिला स्वतः हात लावण्याच्या कल्पनेचाच त्याला तिटकारा आहे. हँडल सैल झाले तेव्हा डब्याच्या पत्र्याची पट्टी त्यात सारून ते घट्ट करता येईल, ही लेखकाची सूचना त्याला अपमानासारखी वाटते. ज्याला आपल्या वाहनाविषयी काहीच कळून घ्यायचे नाही, त्याला मिस्त्रीने केलेले काम चांगले की वाईट, हेही कधी कळत नाही. म्हणजे हात न लावणे हीदेखील नेहमीच सावधगिरी नसते. पुष्कळदा तो आळस असतो.

दुसरे असे की, जेथे जाणता माणूसच नाही तेथे काय करावे? शहरात 'मिस्त्रीकडे जा' म्हणणे सोपे. भामरागड-एटापल्लीकडच्या भागात पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की मिस्त्री काय, डॉक्टरही पोहोचत नाही. तेथे 'हे आमचे काम नव्हे' म्हणून हात बांधून बसणे हेच पाप ठरू शकते. या पेचातून आमच्याच जिल्ह्याने एक वाट काढून दाखवली आहे, आणि तीही मोटरसायकलीपेक्षा कितीतरी नाजूक बाबतीत.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ साली गडचिरोलीत आले. त्यांच्या 'सर्च' या संस्थेने पाहिले की खेड्यांत नवजात बालके मरतात आणि रुग्णालय दूर राहते. तेव्हा १९९५ च्या सुमारास त्यांनी गावातीलच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. सुईणीच्या दारातली बाई नवजात बाळाला सुई टोचणार, या कल्पनेने कोणाचीही छाती दडपावी! परंतु १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे फलित प्रसिद्ध झाले : ३९ गावांत हे काम झाले, आणि तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११ पासून नवजात बालकांच्या गृहभेटींचे काम देशभर आशा सेविकांकडे आले.

या स्त्रियांनी जीव दुसऱ्यांचा हाती घेतला, हे खरे. पण आमच्या ट्रॅक्टरच्या तेलात आणि त्यांच्या सुईत काय फरक होता? फरक पदवीचा नव्हता. पदवीने आम्हीच वरचढ होतो. त्या कोणाच्या तरी हाताखाली शिकल्या होत्या. काय करायचे याइतकेच, कोठे थांबून बाळाला रुग्णालयात न्यायला सांगायचे, हेही त्यांना ठाऊक होते. केलेले सगळे त्या लिहून ठेवीत, आणि ते लिखाण दुसरे डोळे तपासत. आम्ही एकटे शिकलो, एकट्याने केले आणि स्वतःच स्वतःला शाबासकी दिली. आपल्या हातांवर विश्वास ठेवण्याचा अधिकार माणसाला आहे, परंतु त्याची चूक जेव्हा दुसऱ्याच्या अंगावर पडणार असते, तेव्हा ते हात दुसऱ्याला तपासू देण्याची तयारी हीच त्या अधिकाराची किंमत आहे. ही तयारी नसेल तर ज्याला आपण स्वावलंबन म्हणतो तो निव्वळ अहंकार असतो. आणि ती असेल तर अडाण्याचा हातही विश्वासास पात्र होतो.

पुढच्या रविवारी आम्ही त्या तरुणाला स्वतःहून थांबवले. मनगटाची गोष्ट त्याला सांगितली. मग दोघे मिळून ताडपत्री काढली आणि गाडीच्या एकेका भागाविषयी एकच प्रश्न विचारीत गेलो : येथे चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर पडेल? टाकीचा रंग, सीटचे कव्हर, दिव्याची तार, गंजलेले नट, कार्ब्युरेटरची सफाई : येथे चुकलास तर गाडी सुरू होणार नाही, एवढेच. खुशाल कर. इंजिनाचे मात्र तसे नाही. टू-स्ट्रोक गाडी चार वर्षे उभी राहिली की क्रँकची ऑइल सील सुकते, तेथून हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि तापलेला पिस्टन भर वेगात आवळला जातो. मागचे चाक जागीच थबकते. क्लच दाबायला क्षणही हाती नसतो. आणि पुढचा ब्रेक? त्या ड्रममध्ये दोन शू असतात, त्यांना जोडणारी दांडी नीट जुळवली नाही तर एकच शू धरतो आणि दुसरा नुसता शोभेला राहतो. मुळात ब्रेकच अपुरा, त्यात तो अर्धा! तो शांतपणे ऐकत होता. शेवटी हळूच म्हणाला, "फादर, मागे माझी पोर बसणार आहे."

गावात एक वृद्ध मिस्त्री आहेत. अशा गाड्या त्यांनी उमेदीच्या काळात शेकड्यांनी उघडल्या. आता त्यांचे डोळे मंदावले आहेत, आणि हाताखाली कोणी पोरगा टिकत नाही, कारण या जुन्या इंजिनांत आता कोणाला पोट दिसत नाही. तरुणाने त्यांच्याशी ठराव केला. रविवारी दुपारी काम करायचे. हात याचे, नजर आणि कान त्यांचे. मजुरी दुरुस्तीची नव्हे, शिकवणीची. ब्रेकचे काम मिस्त्री स्वतः करतील आणि गाडी प्रथम तेच चालवून पाहतील. खर्च निम्म्याच्या आत आला. लेकीची शाळा सुरू झाली, ती एस.टी.ने जाते.

गाडी अजून सुरू झालेली नाही. क्रँकच्या बेअरिंगची वाट पाहणे चालू आहे. मध्यंतरी आम्ही डोकावलो तेव्हा तरुण सिलिंडर पुसत होता आणि मिस्त्री बाजेवर बसून त्याला ओरडत होते. एक नट त्याने मनानेच आवळला होता. त्यांनी तो पुन्हा सैल करायला लावला. त्याने मुकाट्याने सैल केला. आम्हांला त्या क्षणी फार समाधान वाटले.

आमच्या निवासात आजही एक पान्यांची पेटी आहे. पाण्याचा पंप, बाजाची पेटी, स्कूटरचा प्लग, ही कामे आम्ही स्वतः करतो व त्यात रमतो. ब्रेकला मात्र हात लावीत नाही; आणि मिस्त्रीने लावला की त्याच्या शेजारी उभे राहून, कोणते तेल घातलेस, हे विचारल्यावाचून राहवत नाही. तो बिचारा हसतो आणि डबा उचलून दाखवतो.